पाणी कोमट आहे

हे लिहायला बसलोय खरा, पण लिहिण्याचा हक्क मला आहे का, हे मला नक्की सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजवर मी लिहिलं ते रुग्णाची नाडी, ताप, लघवी किती झाली, एवढंच. नाहीतर परीक्षेत पाठ केलेली उत्तरं. शिवाय ज्यांच्या प्रार्थनेबद्दल मी सांगणार आहे, त्यांच्या धर्मातला मी नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते. चर्चमध्ये कधी उभं राहायचं, कधी बसायचं, याचा माझा आजही गोंधळ होतो. तेव्हा माझ्याकडून काही चुकलं, कोणाच्या श्रद्धेला माझा हात जड लागला, तर माफ करा. हात हलका ठेवायला मला शिकवलं गेलं होतं. कागदावर तो तसा राहील का, माहीत नाही.

गेल्या रविवारी मी शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या जुन्या मिशन दवाखान्यात गेलो होतो. तिथला पुरुषांचा वॉर्ड पाडणार आहेत, असं कोणीतरी सांगितलं म्हणून. नर्सिंगची पहिली दोन वर्षं आमची ड्युटी तिथे लागायची. आता तिथे फक्त सकाळची ओपीडी चालते. वॉचमनकाकांनी मला ओळखलं नाही.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही. वॉर्ड बघायचा होता."

"त्यात काय बघायचंय? कबुतरं हायेत," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. वर म्हणाले, "आतलं पंखं कवाच गेलं, हां. नंतर माझं नाव नका घेऊ."

आत खरंच कबुतरं होती. खाटा नव्हत्या. खाटांचे पाय जिथे वर्षानुवर्षं उभे होते, तिथे फरशीवर पांढरे गोल राहिले होते. दोन रांगा, मधे चालायची वाट. खिडकीखाली हात धुवायचं बेसिन तेवढं जागेवर होतं, त्याच्या नळाला बांधलेली कापडाची चिंधीसुद्धा. मी बेसिनचा फोटो काढला आणि तिथे आम्हाला शिकवलेल्या साळवे सिस्टरांच्या नंबरवर पाठवला. खाली एकच बरोबरची खूण आली, म्हणजे तो पोचला नव्हता. बरेच दिवस झाले, त्यांना पाठवलेल्या सगळ्याच निरोपांखाली एकच खूण येत होती. फोन केला तर तो बंद लागायचा. मनमाडला त्यांच्या मुलीकडे जाऊन यावं असं रोज वाटायचं, आणि रोज कॉलेजमधून हॉस्पिटलला आणि हॉस्पिटलमधून रूमवर येऊन मी झोपायचो.

मला वाटलं होतं, आत पाऊल टाकल्यावर काहीतरी होईल. काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरनं हिरडीत सुई दिली की गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसा मी उभा होतो.

वास मात्र होता. फिनाईलचा नाही, स्पिरिटचाही नाही. ते उडून जातात. वाफेच्या ड्रममधून काढलेल्या गरम कापडाचा वास, थोडा करपट, थोडा भाकरीसारखा. तो भिंतींनी धरून ठेवला होता. दुपारी वॉर्ड शांत झाला की आम्ही लांब बाकावर बसून गॉजच्या तुकड्यांच्या घड्या घालायचो. कडेचा धागा आत गेला पाहिजे, नाहीतर तो जखमेत राहतो. साळवे सिस्टर घड्या घालता घालता गाणं म्हणत. त्यांची येशूची गाणी अभंगाच्या चालीवर असत, म्हणून मला ती परकी वाटत नसत. खिडकीबाहेर सीताफळाचं झाड होतं. गाणं, कापडाची ऊब, जेवण झालेल्या रुग्णांचे ढेकर. त्या दुपारी कधी संपल्या, ते मला आठवत नाही.

साळवे सिस्टर त्या वॉर्डच्या इनचार्ज होत्या. बुटक्या, गुडघ्यांनी अधू, आणि अखंड बोलणाऱ्या. आख्खा दवाखाना त्यांना 'आकाशवाणी' म्हणायचा, त्यांच्या तोंडावरसुद्धा. पहिल्या दिवशी आम्ही नवी पोरं पांढऱ्या कडक कपड्यांत उभी होतो, तेव्हा त्यांनी मला 'ब्रदर' म्हणून हाक मारली. मी मागे वळून बघितलं, की कोण आहे. माझ्या आयुष्यात तोवर मला कोणी पदवी लावून हाक मारली नव्हती.

त्यांचा नियम एकच होता. सांगितल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. सुई द्यायची असो की चादर बदलायची, आधी नाव घ्यायचं, मग काय करणार ते सांगायचं, मग करायचं. रुग्ण शुद्धीत असो, बेशुद्ध असो. अंग पुसताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "पाणी कोमट आहे हं." आणि ते खरंच कोमट असायचं. आधी आपल्या कोपराच्या आत थेंब टाकून बघायच्या. नाशिकच्या डिसेंबरात त्या नळाचं पाणी असं यायचं की बोटं बधिर व्हायची, पेन धरता यायचं नाही. तेव्हा त्या हात धुऊन, पुसून, दोन्ही काखांत दाबून उभ्या राहायच्या. आम्हालाही तसंच उभं करायच्या. "थंड हातानं देव जरी आला तरी माणूस दचकतं," असं म्हणायच्या. सकाळच्या उन्हात आम्ही सगळे स्वतःलाच मिठी मारून रांगेत उभे, आणि खाटांवरचे लोक आम्हाला हसतायत. असा एखादा फोटो कोणी काढला असता तर बरं झालं असतं.

दिवसाची ड्युटी सुरू होण्याआधी मधल्या वाटेत उभं राहून प्रार्थना व्हायची. पाळी लावलेली असे. माझी पाळी आली त्या दिवशी मी आदल्या संध्याकाळपासून पाठांतर केलं होतं, 'हे देवबापा' पासून. सगळ्यांनी डोळे मिटले आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. ती शांतता लांबायला लागली. मग माझ्या तोंडातून जे बाहेर आलं, ती आमच्या घरची पालीतली वंदना होती, आजी पहाटे म्हणायची तशी, तिच्याच सुरात. अर्ध्यात मला कळलं की आपण काय करतोय, पण अर्ध्यात थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. मी शेवटपर्यंत म्हटली.

आणि सगळा वॉर्ड सवयीनं म्हणाला, "आमेन."

पाय प्लास्टरमध्ये टांगलेले मालेगावचे युसूफचाचा तर मोठ्यानं "आमीन" म्हणाले. यंत्रमागावर काम करून त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते सगळंच मोठ्यानं बोलायचे. "बेटा, समझा कुछ नहीं, लेकिन अच्छा था."

मी मान खाली घालून सिस्टरांपुढे गेलो. वाटलं, आता पोस्टिंग गेली.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"आजीनं."

"तरीच. मी म्हटलं, कोणीतरी म्हातारं माणूस आलंय वॉर्डात." मग त्यांनी कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट केलं. "छान झाली प्रार्थना. आता त्या काकांचं बेडपॅन काढ. तीसुद्धा प्रार्थनाच आहे, फक्त नाक धरून करायची."

आमच्या सायखेड्यात मात्र वेगळीच काळजी होती. चुलते म्हणायचे, "मिशनच्या दवाखान्यात शिकतोय म्हणजे काय, वर्षाच्या आत पोराचं नाव पीटर." आई हसायची नाही. एकदा ती द्राक्षांच्या काढणीवरून परस्पर नाशिकला आली, पिशवीत घड घेऊन, आणि सरळ वॉर्डात शिरली. सिस्टरांनी तिला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. आईनं चहा बशीत ओतला आणि प्यायच्या आधीच विचारलं, "बाई, माझ्या पोराला तुमच्यात घेनार का? खरं सांगा."

मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

"घेतला की कधीच," सिस्टर म्हणाल्या. "इथं जो घाण उपसतो तो आमच्यातलाच. तुम्ही पण या, हात लावा, तुम्हालाही घेते."

आई एवढी हसली की चहा पदरावर सांडला. त्यानंतर द्राक्षं निघाली की एक घड वेगळा ठेवला जायचा, 'नर्सबाईंचा' म्हणून. नाताळात सिस्टर आईसाठी करंज्यांचा स्टीलचा डबा पाठवायच्या. आमच्या घरात दिवाळीच्या करंज्यांपेक्षा त्या करंज्यांची वाट जास्त बघितली जायची. सारणात खसखस असायची. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आई त्यात शेंगदाण्याची चटणी भरायची. तो डबा शेवटी कोणाकडे राहिला, हे आता मला आठवत नाही.

आता मला ती गोष्ट सांगायची आहे, जिच्यामुळे मी लिहायला बसलो.

वॉर्डात मी पाहिलेलं पहिलं मरण पेठकडच्या नामदेवबाबांचं. दुपारची वेळ होती. त्यांचा मुलगा गावाकडे माणसं आणायला गेला होता. मी धावत सिस्टरांकडे गेलो. "सिस्टर, अकरा नंबर एक्सपायर झाले."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एक्सपायर औषधं होतात, ब्रदर. नीट सांग. कोण गेलं?"

"नामदेवबाबा."

"हं. चल."

पडदे लावले. मी आणि तुषार. तुषार माझा बॅचमेट, सटाण्याकडचा, घाबरला की अहिराणीत बोलायचा. सिस्टरांनी बादलीत गरम पाणी ओतलं, कोपरानं बघितलं, हात काखेत धरले. मी मनात म्हटलं, आता कशाला? आणि मग त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "नामदेवबाबा, मी साळवे. पाणी कोमट आहे हं. आधी तोंड पुसते. डोळे मिटवते, उजेड लागतोय ना? आता ब्रदर तुम्हाला कुशीवर घेणार आहेत. घाबरू नका, पडू देणार नाही तो."

तुषार माझ्या कानाशी पुटपुटला, "हाई काय शे रे? ऐकू यी ऱ्हायनं का त्यासले?"

"काय म्हणतोय सटाण्याचा?"

"सिस्टर, तो विचारतोय, त्यांना ऐकू येतंय का?"

सिस्टरांचा हात थांबला नाही. "थडग्यात ठेवलेल्या माणसाला प्रभूनं हाक मारली होती. नावानं. मेलेल्याला ऐकू येत नसतं तर हाक कशाला मारली असती? हातानं धरून ओढून काढलं नसतं का?"

"आणि नसेल येत ऐकू तर?" हे मी विचारलं. कसं विचारलं, कोण जाणे.

"तर काय बिघडलं? तोंड माझं दुखतंय की तुझं?" मग हळू म्हणाल्या, "जन्मलं तेव्हा कोणीतरी बोललंच असेल ना याच्याशी. न्हाऊ घालताना. काही कळत नव्हतं तेव्हाही."

पाय त्यांनी शेवटी धुतले, आणि ते आम्हाला करू दिलं नाही. दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसल्या. नामदेवबाबांच्या टाचांना भेगा होत्या, डोंगरातल्या माणसाच्या असतात तशा, आत माती जाऊन बसलेली. त्या भेगा एकेक करून पुसल्या. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी त्यांच्या चर्चमध्ये पाळकसाहेब मंडळींचे पाय धुतात, हे मला तेव्हाच कळलं. "प्रभूनं धुतले होते म्हणून," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण आमचे साहेब थेंब थेंब टाकतात, मोजे भिजतील म्हणून. आपलं बघ, बादलीभर."

पडद्याआड, मेलेल्या माणसाच्या पायाशी बसून आम्ही तिघं हसलो. मग त्या नामदेवबाबांना म्हणाल्या, "तुम्हाला नाही हसलो हं." आणि त्यांचे पाय टॉवेलानं कोरडे केले.

त्यानंतर कितीतरी जण गेले. मी बोलायला शिकलो. आधी आवाज फुटायचा नाही, मग फुटायला लागला. ऐकू येतं यावर माझा विश्वास बसला, असं मी म्हणणार नाही. खोटं होईल. आमच्या घरी आत्मा मानत नाहीत. पण तोंड बंद ठेवून मेलेल्या माणसाला हात लावणं मला जमेनासं झालं. आता मी ज्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पोस्टिंगला जातो, तिथे मी हळू बोलतो, ओठांतल्या ओठांत. तिथली माणसं कामात असतात, मोबाईलवर असतात, आणि चांगलीही असतात. फक्त बोलत नाहीत.

साळवे सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा वॉर्डात समोसे आणि वेफर्स होते, शाल होती, डॉक्टरांचं भाषण होतं. ते झाल्यावर त्या मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. नाताळ होऊन गेला होता तरी वर कागदाची चांदणी लोंबत होती. पावसापर्यंत ती तशीच राहायची दरवर्षी.

"ब्रदर, माझं एक काम करायचं."

"सांगा ना, सिस्टर."

"मी करुणाकडे चाललेय, मनमाडला." करुणाताई त्यांची मुलगी. जावई रेल्वेत. "पुढे माझी वेळ येईल तेव्हा मला न्हाऊ घालतील. करुणा घालेल. बाईमाणसाचं बाईमाणसानंच करायचं, ते ठीक आहे. पण तिला बोलता येत नाही. ती रडते. तिला आत्ता हे सांगायला गेले तर आत्तापासून रडत बसेल. म्हणून तुला सांगते. तू ये. पडद्याच्या बाहेर उभा राहा. आणि करुणा आत काय करतेय ते मला सांगत जा."

मी वरच्या चांदणीकडे बघत राहिलो.

"जन्मभर बडबडले रे मी," त्या म्हणाल्या. "मला त्या शांततेची भीती वाटते. मरणाची नाही, तिथं प्रभू आहे. पण मुक्या हातांनी कोणी मला उचललं, इकडून तिकडे केलं, आणि मला कळलंच नाही काय चाललंय... तेवढं नको."

"येईन," मी म्हणालो.

"नक्की? मी वाट बघत राहीन. आणि मी त्या वेळेला उठून तर बसू शकणार नाही बघायला, आलास की नाही ते." असं म्हणून हसल्या. माझ्या गालाला हात लावला. हात गरम होता.

आख्ख्या आयुष्यात माझ्याकडे कोणी असं काही मागितलेलं नाही. त्यांच्या धर्मातली एवढी माणसं, पाळक, मंडळी, आणि मागितलं माझ्याकडे. मी ते कोणाला सांगितलं नाही. खिशातल्या जड नाण्यासारखं घेऊन फिरत राहिलो.

मग सिस्टरांना अर्धांगाचा झटका आला, आणि वाचा गेली. आकाशवाणी बंद झाली, असं दवाखान्यात कोणीतरी म्हणालं, आणि कोणी हसलं नाही.

मी मनमाडला गेलो होतो, एकदा. रेल्वेची जुनी क्वार्टर. भिंतीपलीकडून मालगाड्या जायच्या तेव्हा ताटल्या मांडणीत थरथरायच्या. सिस्टर खाटेवर होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला कळलं नाही. करुणाताई त्यांचं अंग पुसायच्या वेळी मी बाहेर आलो. मधे दार नव्हतं, दोरीवर जुनी साडी टाकलेली होती. आतून पाण्याचा आवाज आला, आणि करुणाताईंचा नाक ओढण्याचा. बाकी काही नाही. मी साडीच्या बाहेर उभा राहिलो आणि म्हणालो, "सिस्टर, मी ब्रदर. पाणी कोमट आहे. आता ताई तुमचा उजवा हात पुसणार आहेत."

पाण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. मी बोलत राहिलो. आतून मधेच एक आवाज आला, "हं" असा. तो होकार होता की घशात अडकलेला कफ, मला सांगता येत नाही. नर्सिंगच्या पोराला ते सांगता यायला हवं होतं.

निघताना करुणाताई फाटकापर्यंत आल्या. "दादा, तुम्हाला किती बोलता येतं तिच्याशी. मला नुसता हुंदकाच येतो. आई चांगली होती तेव्हा चिडायची. म्हणायची, रडून रुग्णाला त्रास देऊ नको, बाहेर जा."

"काही झालं तर मला कळवा, ताई. कधीही. मी लगेच निघेन."

का, ते मी सांगितलं नाही. खिडकी उघडी होती. सिस्टर आत ऐकत होत्या, आणि त्यांच्या देखत त्यांच्या न्हाणाचं बोलणं माझ्यानं झालं नाही.

"तुम्हालाच आधी सांगेन," ताई म्हणाल्या.

रविवारी मी त्या रिकाम्या वॉर्डात किती वेळ होतो, कुणास ठाऊक. कबुतरं घुमत होती. नळ सोडून बघितला. आधी हवा आली, मग गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ, गार. मी हात खाली धरून राहिलो, बोटं बधिर होईपर्यंत. मला बरं वाटलं. निदान बाहेरचं आणि आतलं सारखं झालं.

खिशात फोन वाजल्यासारखा झाला. काढून बघितला तर बेसिनच्या फोटोखाली दोन खुणा आल्या होत्या. वरच्या सगळ्या निरोपांखालीसुद्धा, एकामागून एक, दोन दोन. मी बघत असतानाच फोन आला. स्क्रीनवर 'साळवे सिस्टर' असं नाव होतं. एक क्षणभर मला वाटलं, त्याच बोलतील.

"दादा, करुणा बोलतेय. मनमाडहून."

"हां, ताई."

"आईचा फोन बंदच पडला होता हो. तुमचा नंबर त्यातच. कालच दुरुस्तीहून आला, आत्ता चालू केला. तुमचे किती मेसेज आहेत यात... आई गेली, दादा. महिना होऊन गेला."

मी बेसिनला टेकलो. कबुतरं उडाली आणि परत तिथेच बसली. मला वाटलं, आता होईल काहीतरी. झालं नाही.

"त्रास नाही ना झाला?" मी विचारलं. आम्ही सगळ्यांना हेच विचारतो.

"नाही. सकाळी गेली. चर्चची माणसं आली, पाळकसाहेब आले. छान प्रार्थना झाली."

"आणि न्हाऊ..." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "न्हाऊ कोणी घातलं, ताई?"

"मीच घातलं. शेजारची एक मुलगी आली होती मदतीला, नर्सिंग करते ती पण, तुमच्यासारखी. खूप गुणी. आणि दादा, मी रडले नाही. अजिबात नाही. तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही. आई नेहमी सांगायची ना, म्हणून. दात आवळून धरले होते. सगळं एवढं शांत झालं, एवढं शांत, कोणी एक शब्दही बोललं नाही." पलीकडे मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत त्या थांबल्या. "आईला आवडलं असतं ना, दादा?"

नळ अजून चालूच होता.

"हो, ताई," मी म्हणालो. "खूप आवडलं असतं."

त्या तेव्हा रडायला लागल्या. मी त्यांना रडू दिलं. फोन ठेवल्यावर नळ बंद केला, हात रुमालानं कोरडे केले आणि दोन्ही काखांत दाबून, भिंतीकडे तोंड करून, खाटांच्या पांढऱ्या खुणांमध्ये उभा राहिलो. ऊब यायला वेळ लागला. ती आल्यावर म्हणालो,

"सिस्टर, मी ब्रदर. उशीर झाला. पाणी कोमट आहे हं."